गॅसबत्तीचा उजेड आणि मोनाझाइटची वाळू

आपल्या विद्यालयाच्या कार्यालयात तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांखाली एक जुने कृष्णधवल छायाचित्र लावलेले आहे. माजी विद्यार्थ्यांना ते आठवत असेल. वसतिगृहाच्या पहिल्या काळातील एक रात्रीची सभा. मुले सतरंजीवर मांडी घालून बसली आहेत, कोणी वक्ते उभे राहून बोलत आहेत आणि त्यांच्या डोक्यावर आडव्या बांबूला गॅसबत्ती टांगलेली आहे. काळाच्या ओघात त्यातील चेहरे पुसट झाले. बत्तीचा पांढराशुभ्र ठिपका मात्र आहे तसाच आहे.

या स्मरणिकेसाठी छायाचित्रे निवडण्याचे काम चालू असताना मदतीला आलेल्या आठवीतील एका विद्यार्थिनीने त्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारले, “सर, तेव्हा वीज नव्हती ना? मग हा बल्ब कसला?” आम्ही म्हणालो, “बल्ब नव्हे बाळ, गॅसबत्ती. आत कापडाची जाळी असते, ती पेटली की उजेड पडतो.” त्यावर तिने सहज विचारले, “मग कापड जळून जात नाही का?”

इतिहास शिकविण्यात आमचे अर्धे आयुष्य गेले. आंबेडकरी जलशांवर आम्ही वर्गात तासन् तास बोललो. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी गावोगाव रात्री जागवल्या, हे सांगितले. त्या रात्री ज्या उजेडात जागल्या, त्या उजेडाविषयी मात्र आम्हांला काहीच सांगता येईना. “विचारून सांगतो,” असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली आणि विज्ञानाच्या सहकारी शिक्षकांकडे गेलो. त्यांनी एक शब्द दिला, मोनाझाइट. त्या शब्दाचा माग काढीत गेलो तेव्हा केरळचा समुद्रकिनारा, बर्लिन, भारताचे संविधान आणि आपल्या शाळेपासून फार दूर नसलेली ट्रॉम्बेची टेकडी, हे सगळे एका वाळूच्या कणाभोवती गोळा झालेले दिसले. तिला द्यावयाचे उत्तर लांबले, म्हणून ते येथे लिहीत आहोत.

प्रथम तिच्या प्रश्नाचे थेट उत्तर. कापड जळते. ज्यांनी घरी किंवा मंडपात गॅसबत्ती पेटविली असेल, त्यांना हे पक्के ठाऊक असणार. नवे मेंटल (मूळ शब्द मँटल, पण आपल्याकडे सगळे मेंटलच म्हणत) बत्तीच्या तोटीला दोऱ्याने बांधायचे, स्पिरिटची वाटी पेटवायची, मग पंप मारायचा. पहिल्याच पेटीत सूत जळून जाते आणि मागे राखेची पांढरी जाळी उरते. ही राख सुताची नसते. मेंटल तयार करताना सुती पिशवी थोरियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून वाळवितात. त्यात अत्यल्प सिरियम नायट्रेटही असते. सूत जळाले की या धातूंची ऑक्साइडे पिशवीच्याच आकारात उभी राहतात. त्यांतील सुमारे ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि उरलेले १ टक्का सिरियम ऑक्साइड. थोरियम ऑक्साइड ३३०० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही, त्यामुळे रॉकेलच्या ज्वालेत ते निर्धास्त तापत राहते; आणि सिरियमचा तो एक टक्का त्या तापाचा मोठा भाग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात बदलतो. प्रमाण थोडे वाढविले वा घटविले की उजेड मंदावतो. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फोन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञाने १८८५ साली पहिले मेंटल बनविले. पण त्याचा उजेड हिरवट पडे. थोरियम-सिरियमचे हे प्रमाण त्याला १८९१ मध्ये साधले आणि मग युरोपातील शहरांचे रस्ते गॅसच्या पांढऱ्या उजेडाने भरून गेले. पुढे बर्लिनच्या कारखान्यातून पेट्रोमॅक्स आली आणि ती आपल्या खेड्यांत येऊन पोहोचली.

आता प्रश्न असा की हे थोरियम कोठून येते. ते येते मोनाझाइटमधून.

मोनाझाइट हे फॉस्फेट खनिज आहे. फॉस्फेट म्हणजे काय, हे शालेय मुलांना सांगताना आम्ही त्यांच्या हाडांपासून सुरुवात करतो; कारण आपली हाडे आणि दात कॅल्शियमच्या फॉस्फेटचे बनलेले आहेत. फॉस्फरसच्या एका अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू चार कोपऱ्यांवर बसले की फॉस्फेटचा गट तयार होतो. या गटांच्या मधल्या जागांत कॅल्शियम बसले तर ॲपेटाइट नावाचे खनिज होते. खतांसाठी लागणारा फॉस्फेटचा दगड तो हाच. त्याच जागांत सिरियम, लँथॅनम, निओडिमियम अशी जड मूलद्रव्ये बसली तर मोनाझाइट होते. या मूलद्रव्यांना विरल मृदा मूलद्रव्ये म्हणतात. नाव थोडे फसवे आहे, कारण पृथ्वीच्या कवचात सिरियम जवळजवळ तांब्याइतके आढळते. फक्त ते एका जागी साठून मिळणे विरळ. या मूलद्रव्यांच्या सोबतीने थोरियम आणि थोडे युरेनियमही त्या जागांत शिरकाव करून घेते. भारतीय मोनाझाइटमध्ये विरल मृदांची ऑक्साइडे सुमारे ५५ ते ६० टक्के, फॉस्फरसचे ऑक्साइड चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिक आणि थोरियमचे ऑक्साइड ८ ते १० टक्के असते. थोरियमच्या बाबतीत जगात इतके समृद्ध मोनाझाइट थोड्याच ठिकाणी मिळते.

दिसायला हा कण मधासारखा पिवळसर, कधी तांबूस तपकिरी, राळेसारखी चकाकी असलेला. काठिन्य ५ ते साडेपाच, म्हणजे पोलादी पात्याने जेमतेम ओरखडा उमटेल एवढे. स्फटिक एकनताक्ष प्रणालीचा. विशिष्ट गुरुत्व ५ च्या आसपास, म्हणजे साध्या वाळूच्या, क्वार्ट्झच्या, कणापेक्षा जवळजवळ दुप्पट जड. हा शेवटचा गुण लक्षात ठेवावा. पुढचा सगळा इतिहास त्याच्यावर उभा आहे. जर्मन खनिजशास्त्रज्ञ ब्राइटहाउप्ट याने १८२९ साली त्याला नाव दिले, ते ‘एकटे असणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. कारण त्याच्या पाहण्यात हे स्फटिक खडकात एकेकटे, विखुरलेले आले होते.

आणखी एक गुण विलक्षण आहे. थोरियम किरणोत्सर्गी आहे. त्याचे अर्धायुष्य सुमारे १४०० कोटी वर्षांचे. म्हणजे मोनाझाइटचा प्रत्येक कण आपल्याच पोटातून कोट्यवधी वर्षे मार खात असतो. अशा स्थितीत पुष्कळ खनिजांची स्फटिकरचना मोडून ती काचेसारखी बेढब होतात. मोनाझाइटची रचना मात्र मोडलेली पुन्हा जुळवून घेते. त्यामुळे त्याच्यातील थोरियम, युरेनियम आणि त्यांच्यापासून तयार झालेले शिसे मोजून खडकाचे वय काढता येते. आम्ही इतिहासाची माणसे शिलालेख आणि ताम्रपट वाचतो. भूवैज्ञानिक हा कण वाचतात. केरळच्या दक्षिण भागातील खडकांना सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी प्रचंड उष्णता व दाब सोसावा लागला, हे अशाच कणांतून कळले.

मुलांनी साहजिकच विचारले की आपल्या मुंबईत हे मिळते का. गोराई, आक्सा, वर्सोवा यांपैकी कोणत्याही किनाऱ्यावर भरती ओसरल्यावर वाळूवर काळसर रेषा उमटलेल्या दिसतात. आमच्या सहकाऱ्यांनी मुलांना तेथे नेले आणि कागदात गुंडाळलेले लोहचुंबक त्या रेषांवरून फिरविले. काळे कण उड्या मारून चिकटले. ते मॅग्नेटाइट, लोहाचे ऑक्साइड. मोनाझाइट मात्र तेथे मिळणार नाही. मुंबईचा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी त्याचीच, कान्हेरी आणि महाकालीची लेणी भिक्खूंनी कोरवून घेतली तीही याच ज्वालामुखीच्या खडकात. या खडकात फॉस्फेट असते, पण ॲपेटाइटच्या सूक्ष्म सुयांच्या रूपात. मोनाझाइट जन्मते ते ग्रॅनाइटमध्ये आणि भूगर्भात भाजून निघालेल्या पट्टिताश्मांत. असे खडक केरळ, तमिळनाडू, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यामागे उभे आहेत. देशात मोनाझाइटचा साठा सव्वा कोटी टनांच्या घरात आहे आणि त्यातील महाराष्ट्राचा वाटा नाममात्र आहे.

तेथे घडते ते असे. खडक झिजतो, नद्या त्याचा चुरा समुद्राला देतात. लाट किनाऱ्यावर चढते तेव्हा सगळेच कण वर आणते. परतताना हलके कण ओढून नेते आणि जड कण मागे ठेवते. पावसाळ्यातील उधाणाच्या लाटा हे काम अधिक जोराने करतात. सुपात धान्य पाखडताना बाईच्या हातून जे होते, तेच समुद्र हजारो वर्षे करीत राहिला आणि केरळच्या नींडकरा-चवरा पट्ट्यात, कन्याकुमारीजवळच्या मनवलकुरिचीला काळी वाळू साठली. तिच्यात इल्मेनाइट सर्वांत अधिक, मग झिर्कॉन, रुटाइल, गार्नेट, सिलिमनाइट. मोनाझाइट त्यांत थोडेसे. ते वेगळे काढताना या खनिजांच्या स्वभावभेदाचा उपयोग करतात. इल्मेनाइट व रुटाइल यांतून वीज वाहते, झिर्कॉन व मोनाझाइट यांतून वाहत नाही. म्हणून उच्च दाबाच्या विजेने पहिली वाटणी होते. मग झिर्कॉनला चुंबक ओढीत नाही, मोनाझाइटला जोरकस चुंबक थोडासा ओढतो. म्हणून चुंबकाने दुसरी.

या वाळूचा शोध कसा लागला, ती हकीकत आमच्या विषयाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेंटलसाठी लागणारे मोनाझाइट प्रामुख्याने ब्राझीलमधून जर्मनीला जात असे. १९०९ साली शॉम्बर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोर संस्थानातून आलेल्या काथ्याच्या मालाला चिकटलेली वाळू दिसली. त्याने ती तपासली, मोनाझाइट ओळखले आणि वाळूचा माग काढीत तो त्रावणकोरच्या किनाऱ्यावर पोहोचला. लवकरच मनवलकुरिचीला वाळू वेगळी करण्याचा उद्योग उभा राहिला. पुढे पहिले महायुद्ध पेटले, जर्मन माणसाला जागा राहिली नाही आणि व्यवसाय ब्रिटिश भांडवलाच्या हाती गेला.

पण तो काथ्या वळला कोणी? नारळाची सोडणे महिनोन् महिने खाजणात कुजवून, कुटून, हाताने दोर वळणारी माणसे, त्यांतही बाया, बहुतांशी एझवा समाजाची होती. तोच समाज, ज्यात नारायण गुरू जन्मले. १९०९ मध्ये त्यांच्या दोराला चिकटलेला कण जर्मनीत पोहोचला, त्याची पारख झाली, त्याला बाजारभाव मिळाला. त्या दोराच्या धन्याला मात्र त्याच संस्थानातील वैकोमच्या मंदिराभोवतीच्या रस्त्यावरून चालण्याची मुभा नव्हती. त्या रस्त्यासाठी सत्याग्रह झाला तो १९२४-२५ साली, आणि तेव्हाही सगळे रस्ते मोकळे झाले नाहीत. महाडच्या चवदार तळ्याआधीची ही दोनच वर्षे. पाठ्यपुस्तकांत वैकोमचा सत्याग्रह एका धड्यात आणि खनिजसंपत्ती दुसऱ्या धड्यात असते. मुलांना ती दोन वेगळी जगे वाटतात. आम्ही स्वतः इतकी वर्षे तसेच शिकवीत आलो, हे कबूल केले पाहिजे.

आपल्याकडेही गॅसबत्तीला असाच इतिहास आहे. लग्नाच्या वरातीत डोक्यावर चुंबळ ठेवून, त्यावर सूं सूं करणारी जड बत्ती तोलत दुतर्फा चालणारी माणसे थोरल्या पिढीने पाहिली आहेत. उजेड नवरदेवावर पडे. बत्ती वाहणाऱ्याचा चेहरा बत्तीखालच्या अंधारात राही. तीच बत्ती जलशाच्या फडावर, वस्तीतल्या सभेत, वसतिगृहाच्या अभ्यासाच्या खोलीत आली तेव्हा तिच्याखाली बसलेल्यांचे चेहरे उजळले. आमच्या मते आपल्या कार्यालयातील छायाचित्राचे मोल यात आहे.

मोनाझाइटच्या गोष्टीत पुढचा कलाटणीचा काळ १९४५ नंतरचा. अणुबाँबने जग हादरले आणि थोरियमकडे बत्तीचा माल म्हणून पाहण्याचे दिवस संपले. त्रावणकोरचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांना या वाळूचे महत्त्व पुरते कळले होते. ब्रिटिश जाताच संस्थान स्वतंत्र होईल, असे त्यांनी जून १९४७ मध्ये जाहीर केले. किनाऱ्यावरील मोनाझाइट हे त्या धिटाईमागचे एक मोठे बळ होते, कारण ब्रिटन आणि अमेरिका या दोघांनाही ते हवे होते. हैदराबादच्या निजामाचीही अशीच भाषा होती. त्याच जून महिन्यात, १७ तारखेला, बाबासाहेबांनी पत्रक काढून या दाव्याचा कायद्याच्या आधारे समाचार घेतला. संस्थानांवरील सार्वभौम सत्ता हवेत विरून जात नाही, ती भारताकडे येते. संस्थानांना स्वतंत्र राष्ट्र होण्याचा अधिकार नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. जुलैअखेर त्रावणकोर भारतीय संघात सामील झाले, त्याला अनेक कारणे होती, आणि त्याचे सारे श्रेय एका पत्रकाला देणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु ज्या प्रश्नाच्या मुळाशी वाळूतले हे फॉस्फेट होते, त्यावर बाबासाहेबांनी वेळेवर आणि नि:संदिग्ध भूमिका घेतली होती, हे आपल्या लोकांनाही फारसे ठाऊक नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. खाणमजुरांचे प्रश्न त्यांच्याच खात्याकडे होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते कोळशाच्या खाणींत स्वतः उतरले, तेव्हा जमिनीखालची संपत्ती आणि ती वर काढणारी माणसे या दोन्ही गोष्टी त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. पुढे त्यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीच्या हातून संविधान आकाराला आले. त्याच्या सातव्या अनुसूचीत संघसूचीतील सहावी नोंद अणुऊर्जा आणि तिच्यासाठी लागणाऱ्या खनिजांविषयी आहे. हा विषय संपूर्ण देशाच्या सरकारकडे सोपविलेला आहे. अनुच्छेद ३९ मधील (ख) हे कलम समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण सर्वांच्या हिताच्या दृष्टीने वाटले जावे, असे राज्याला सांगते. महाराजाच्या मालकीची आणि नंतर कंपनीच्या वखारीतली वाळू या दोन तरतुदींमुळे आपणां सर्वांच्या नावावर आली. नागरिकशास्त्राच्या तासाला अनुच्छेद ३९ शिकविताना आम्ही आता नकाशावर मनवलकुरिची दाखवितो.

स्वातंत्र्यानंतर इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी १९५० साली स्थापन झाली आणि केरळातील आलुवा येथील तिचा कारखाना डिसेंबर १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते देशाला अर्पण झाला. मोनाझाइट फोडणे सोपे नाही. चेंबूरच्या खत कारखान्यात फॉस्फेटचा दगड नायट्रिक आम्लात विरघळवून शेतकऱ्यांच्या ओळखीचे सुफला खत होते; तो दगड ॲपेटाइटचा, आम्लापुढे लवकर नमतो. मोनाझाइटमधील फॉस्फेटची पकड घट्ट. म्हणून ते पिठासारखे दळून, तीव्र कॉस्टिक सोड्यात सुमारे १४० अंश सेल्सिअसला काही तास शिजवावे लागते. तेव्हा कोठे फॉस्फेट सोडियमशी सोयरीक जुळवून पाण्यात उतरते. हे ट्रायसोडियम फॉस्फेट धुलाईसाठी आणि बॉयलरच्या पाण्यासाठी विकले जाते. मागे विरल मृदा आणि थोरियम यांचा गाळ उरतो. हायड्रोक्लोरिक आम्लात विरल मृदा विरघळतात आणि थोरियमचा लगदा शिल्लक राहतो.

हा लगदा आलुव्याहून निघून येई आपल्या दाराशी, ट्रॉम्बेला. तेथील थोरियमचा कारखाना १ ऑगस्ट १९५५ रोजी सुरू झाला. लगदा नायट्रिक आम्लात विरघळवून, शुद्ध करून थोरियम नायट्रेट बनविण्यात येई आणि ते गॅसबत्तीच्या मेंटलसाठी जाई. म्हणजे छायाचित्रातील बत्ती कोणत्याही कारखान्यातली असो, पन्नाशी-साठीच्या दशकांत आपल्या वस्त्यांत पेटणाऱ्या कित्येक मेंटलांतील थोरियम याच टेकडीच्या पायथ्याशी शुद्ध झालेले असणार. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याने जाताना, हवा स्वच्छ असेल तर, ती टेकडी समोर दिसते. आपले कितीतरी विद्यार्थी तिच्या सावलीतल्या वस्त्यांतून आले. कुंपणाच्या अलीकडे त्यांचे आयुष्य गेले. पलीकडे काय चालते, ते त्यांना कोणी सांगितले नाही.

पलीकडे चालले होते ते असे. अप्सरा ही आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक, ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथे सुरू झाली; त्यानंतर दोन महिन्यांनी नागपूरला धम्मदीक्षा झाली, एवढे सांगितले की आमच्या विद्यार्थ्यांना ती तारीख विसरत नाही. डॉ. होमी भाभा यांची योजना अशी होती की भारतात युरेनियम थोडे आणि थोरियम विपुल, तेव्हा दूरच्या काळात वीज थोरियमपासून करावी. थोरियम स्वतः इंधन नव्हे. त्याच्या अणूने एक न्यूट्रॉन शोषला की त्याचे प्रोटॅक्टिनियम होते आणि काही आठवड्यांत त्याचे युरेनियम-२३३ होते. ते मात्र इंधन आहे. या युरेनियम-२३३ वर चालणारी पूर्णिमा-२ ही लहान प्रायोगिक भट्टी ट्रॉम्बेलाच १९८४ मध्ये चालविली गेली आणि १९९६ मध्ये कल्पाक्कमला कामिनी सुरू झाली. थोरियमच्या विजेचा मोठा टप्पा अजून पुढेच आहे. तोवर मोनाझाइटची मागणी वाढली आहे ती त्यातील निओडिमियमसाठी. भ्रमणध्वनीचा ध्वनिक्षेपक, विजेवर चालणाऱ्या गाड्यांची मोटार, पवनचक्की या सर्वांतील ताकदवान चुंबक त्याचे असतात.

याच टेकडीवरील सायरस भट्टीतून निघालेले प्लुटोनियम १८ मे १९७४ च्या पोखरण स्फोटासाठी वापरले गेले. त्या स्फोटाला बुद्धाच्या स्मिताचे नाव चिकटले. वैज्ञानिकांच्या कौशल्याविषयी आमच्या मनात आदर आहे. त्या नावाचा सल मात्र आजही गेलेला नाही.

पालकसभेत हा विषय निघाला तेव्हा काहींनी किरणोत्सर्गाची भीती बोलून दाखविली, काहींनी ती हसण्यावारी नेली. कालाम सुत्ताची शिकवण मानणाऱ्यांनी दोन्ही ऐकीव मते बाजूला ठेवून तपासलेले पाहावे. केरळच्या करुनागपल्ली तालुक्यात मोनाझाइटच्या वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग काही ठिकाणी सर्वसाधारण पातळीच्या अनेक पटींनी आहे आणि लोक पिढ्यान् पिढ्या तेथे राहत आले आहेत. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने सुमारे ७० हजार प्रौढ रहिवाशांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. किरणोत्सर्गाच्या प्रमाणात कर्करोग वाढल्याचे त्यांना आढळले नाही, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु किनाऱ्यावर राहणे वेगळे आणि कारखान्यात मोनाझाइट दळणे वेगळे. थोरियमपासून थोरॉन नावाचा किरणोत्सर्गी वायू निघतो, आणि दळलेली धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसली तर ती आतून मारा करते. तेथे बंदिस्त यंत्रे, हवेचा निचरा, मोजमाप यांत हयगय चालत नाही. थोरियम किरणोत्सर्गी आहे हे १८९८ मध्ये, मारी क्युरी आणि गेऱ्हार्ड श्मिट यांनी स्वतंत्रपणे शोधले. तोवर सात वर्षे युरोपातील कामगार ते हातांनी हाताळून मेंटल बनवीत होते.

आणि संविधानाने ही वाळू सर्वांच्या नावे केली, तरी तिची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. करुनागपल्लीजवळच्या आलप्पाड गावाची जमीन वर्षानुवर्षे समुद्र गिळतो आहे. वाळूचा उपसा हे त्याचे मोठे कारण आहे, असे म्हणत तेथील मच्छीमार कुटुंबांनी केलेले आंदोलन २०१८-१९ मध्ये देशभर गाजले. वाळू काढणारा उपक्रम सार्वजनिक आहे, तो शेकडोंना रोजगार देतो आणि देशाला त्याच्या मालाची गरज आहे. हेही तितकेच खरे. आम्ही हा प्रश्न नववीच्या वर्गात वादविवादासाठी ठेवला. ट्रॉम्बेच्या बाजूने आलेल्या एका मुलाने विचारले की तेथल्या मुलांना त्या कारखान्यात नोकऱ्या लागतात का, आणि लागल्या तर कोणत्या. प्रयोगशाळेतल्या की वाळू उपसण्याच्या. वर्गाचा उरलेला तास त्या एका प्रश्नावर गेला. आलप्पाडविषयी आम्हांला उत्तर देता आले नाही. आपल्याविषयी एवढे ठाऊक आहे की दहावीनंतर रसायनशास्त्र घेणाऱ्या आपल्या मुलांची, विशेषतः मुलींची, संख्या अजून थोडी आहे. विज्ञान शाखेची धास्ती घरातच बसलेली असते, आणि ‘आपल्याला ते झेपणार नाही’ हे वाक्य आम्ही पालकांच्या तोंडून मुलांच्या देखत ऐकलेले आहे.

त्या विद्यार्थिनीला आम्ही सारी हकीकत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “सर, मला खरी बत्ती पेटलेली बघायची आहे.”

म्हणून माजी विद्यार्थी आणि पालक यांना ही विनंती. कोणाच्या माळ्यावर जुनी गॅसबत्ती पडून असेल तर ती कार्यालयात आणून द्यावी. तिच्याखाली देणाऱ्याचे नाव आणि ती कोठे पेटत होती, ते लिहून ठेवू. जुनी मेंटले सापडल्यास ती पिशवीत बंद करून द्यावीत. त्यांतील थोरियमचा किरणोत्सर्ग सौम्य असतो, पण मोडलेल्या जाळीची राख हाताळू नये, फुंकू नये, मुलांच्या हाती देऊ नये. पेटविण्यासाठी हल्ली यिट्रियमची, थोरियम नसलेली मेंटले बाजारात मिळतात. दोन आणून ठेवली आहेत. स्पिरिटची वाटी विज्ञानाच्या प्रयोगशाळेत आहे. पंप कसा मारायचा, हे आठवणारे कोणी मात्र त्या संध्याकाळी हजर असायला हवे. आमच्या हाताला ती सवय राहिलेली नाही.